गळाचे शिसे

सिल्वासाला समुद्र नाही. तरीही समुद्राशी या मुलखाचे नाते जुने आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाच्या एका पोर्तुगीज जहाजाचे जे नुकसान केले, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना देण्याचे ठरले आणि १७८३ साली तो त्यांच्याकडे गेला. समुद्रावरच्या एका जहाजापायी डोंगरपायथ्याच्या या रानवट गावांनी पावणेदोनशे वर्षे परकी अंमल सोसला. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर ही मंडळी होती, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला. आणि २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली व दमण-दीव हे दोन प्रदेश एक झाले, तेव्हा आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “चला, कागदोपत्री का होईना, आपल्याला समुद्र मिळाला!”

अण्णांनी मात्र कागदाची वाट पाहिली नव्हती. देवगडच्या बाजूच्या एका खेड्यातून ते १९६३ साली गणिताचे शिक्षक म्हणून सिल्वासाला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरे, एक पंचांग, आणि लाकडी रिळावर गुंडाळलेली गरवण्याची दोरी होती. आमच्याकडे मासे गळाने धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. हा शब्द आमच्या घरात साठ वर्षे टिकला आहे. शेजारी गुजराती, बाजारात हिंदी, रानात वारली आणि कोकणा बोली, अशा गावात एखादा शब्द टिकवावयाचा तर त्याला काम द्यावे लागते. अण्णांनी ‘गरवणे’ या शब्दाला दर रविवारी काम दिले.

सिल्वासाहून दमण तीसेक किलोमीटर. मध्ये वापी लागते, म्हणजे थोडे गुजरात ओलांडून जावे लागते. प्रथम बस, मग स्कूटर आणि आता नातवाची मोटार, एवढाच काय तो फरक. वापीची मंडळी रविवारी दमणला कशासाठी जातात ते सर्वश्रुत आहे. सिल्वासाला दारूबंदी नसल्यामुळे आम्हांला त्या कारणासाठी दमणला जाण्याची गरज नाही, आणि म्हणूनच “मासे गरवायला जातो” असे सांगितले तर आमच्यावर लोक विश्वास ठेवतात!

या छंदात पाहणाऱ्याचे लक्ष गळाकडे आणि आमिषाकडे जाते. अण्णा म्हणत, गळ कोणीही निवडील. खरा प्रश्न शिशाचा आहे. दोरीच्या टोकाशी वजन बांधावयाचे ते किती, कोणत्या आकाराचे, आणि गळाच्या वर की खाली? या वजनाला तीन कामे असतात. आमिष दूर नेऊन पोहोचविणे हे पहिले. ते तळाशी ठरवून ठेवणे हे दुसरे. आणि तिसरे, जे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही ते असे, की तळाशी काय चालले आहे याची वर्दी दोरीवाटे बोटांपर्यंत आणणे. पहिल्या दोन कामांसाठी वजन जड असलेले बरे, तिसऱ्यासाठी हलके. म्हणून अण्णांचा नियम असा की ठरेल एवढे वजन बांधावे, रुतेल एवढे बांधू नये. संथ पाण्यात तीस ग्रॅम पुरते. वाहत्या पाण्यात साठ, नव्वद असे चढत जावे. दीडशेलाही ठरत नसेल तर वजन वाढवीत बसू नये, जागा बदलावी.

दमणला एकाच दिवसात तीन तऱ्हेचे तळ पाहावयास मिळतात. मोटी दमणच्या दक्षिणेस जांपोर येथे किनारा सपाट आहे, वाळूत चिखल मिसळलेला, आणि ओहोटीला पाणी पार दूर जाते. नानी दमणच्या उत्तरेस देवका येथे खडक आहेत; भरतीत ते दिसत नाहीत, ओहोटीत उघडे पडतात. आणि या दोहोंच्या मध्ये, दोन किल्ल्यांच्या कुशीतून, आमची दमणगंगा समुद्रास मिळते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी मधुबनच्या धरणातून सुटून सिल्वासाजवळून वाहते आणि येथे येऊन खारी होते.

वाळूवर गोल शिसे कुचकामाचे. लाटेबरोबर ते गडगडत किनाऱ्याला येते. तेथे चपटे किंवा चौकोनी बुडाचे, टोकाकडे निमुळते वजन घ्यावे, म्हणजे ते वाळूत बसते. ओढ फारच असेल तर ज्याला तारेचे चार पाय फुटलेले असतात असे वजन मिळते. ते नांगरासारखे धरते आणि जोराने ओढले की पाय उलटे दुमडून सुटते. चिखलात मात्र जड वजन आमिषासकट रुतून बसते, तेथे चपटे आणि हलकेच बरे. खडकात कोणताही आकार घ्या, अडकावयाचा तो अडकतोच. तेथे आकारापेक्षा बांधणी महत्त्वाची. नदीच्या मुखाशी, ओहोटी लागल्यावर, नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकाच दिशेने पळू लागते. तेव्हा मुख्य प्रवाहात दोरी टाकण्याचा हट्ट न धरता कडेच्या मंद पाण्यात टाकावी.

आता बांधणीविषयी. मुख्य प्रकार तीन. पहिलीत शिशाला आरपार भोक असते आणि दोरी त्यातून मोकळी सरकते. त्याच्या खाली एक मणी, मग फिरकी, आणि मग हातभर बारीक तंगूस व गळ. माशाने आमिष तोंडात धरून ओढले तरी त्याला वजन लागत नाही, दोरीच तेवढी सरकते. मुडदुशीसारखे वाळूतले शंकेखोर मासे याच बांधणीला फसतात. दुसरीत शिसे अगदी तळाला आणि गळ त्याच्या वर वीतभर अंतरावर फाट्याने बांधलेले. आमिष तळापासून उचललेले राहते म्हणून ते खेकड्यांच्या तावडीतून थोडेफार वाचते, आणि चावा थेट हाताला कळतो. चिखलातला शिंगाळा यावर चांगला लागतो. त्याला गळावरून काढताना मात्र पाठीच्या आणि बाजूंच्या काट्यांना जपावे, त्यांची ठणक दिवसभर जात नाही. तिसरी बांधणी खडकाची. मुख्य दोरी दहा किलो ओढ सोसणारी असेल तर शिसे तिला तीन-चार किलोच्या कच्च्या दोऱ्याने बांधावयाचे. वजन कपारीत अडकले की झटका द्यावा. कच्चा दोरा तुटतो, वजन समुद्राला जाते, आणि गळ, दोरी व नशिबात असेल तर मोठी तांब हाती राहते. काय हातचे जाऊ द्यावयाचे ते आधीच ठरवून तेथे गाठ कच्ची ठेवावी, असा हा शहाणपणा आहे.

अण्णा गणिताचे शिक्षक असल्यामुळे हे सर्व त्यांनी वहीत मांडून ठेवले होते. आमच्या कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक स्थूल रीत आहे. तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबई-कोकणचा. दमणला भरती त्यामागून तासाहून अधिक वेळाने येते, म्हणून अण्णांच्या पंचांगात प्रत्येक पानावर पेन्सिलीने दुरुस्ती असे. शिवाय खंभातच्या आखाताकडे जावे तसतशी भरतीची उंची वाढत जाते. भावनगरला उधाणात ती दहा मीटरांच्या घरात पोहोचते. दमण त्या वाटेवरचे, म्हणून मुंबईच्या मानाने येथे पाणी अधिक चढते आणि अधिक वेगाने येते. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से कल्पावेत. पहिल्या तासात एक हिस्सा पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते. तेव्हा पहिल्या तासाला ठरलेले शिसे तिसऱ्या तासाला ठरणार नाही, आणि तिसऱ्याचे सहाव्याला लागणार नाही. दोरी जाड घेतली तरी ओढ वाढते, म्हणून वजन वाढविण्यापूर्वी दोरी बारीक करून पाहावी. हाच हिशेब जिवाच्या रक्षणाचाही आहे. जांपोरच्या सपाटीवर ओहोटीमागे फार आत गेलेल्या माणसाच्या पाठीमागून, जरा खोलगट भागातून, पाणी भरत येते. तिसरा तास लागण्याआधी माघारी फिरावे, हा आमच्या घरचा दंडक आहे.

अण्णा शिसे विकत घेत नसत. जुन्या मोटारींच्या चाकांवरची वजने, भंगारातले तुकडे असे काहीबाही ते गोळा करीत, आणि पावसाळ्यापूर्वी एक दिवस परसात चूल मांडून लोखंडी कढईत वितळवीत. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे लाकडाच्या जाळावरही सहज. वरची राखाडी साय पळीने काढून टाकावयाची, आणि खालचा आरशासारखा रस भाजलेल्या मातीच्या साच्यांत ओतावयाचा. साच्यात ओल राहिली तर वाफेने शिसे उसळून अंगावर येते, म्हणून साचे ते आठवडाभर उन्हात ठेवीत. लहानपणी आम्हा भावंडांना तो एक सणच वाटे.

चार वर्षांपूर्वी या सणावरून घरात कडाक्याचा वाद झाला. सूनबाई रसायनशास्त्र शिकलेल्या, औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांची मुलगी, म्हणजे अण्णांची पणती, तेव्हा तीन वर्षांची होती आणि पणजोबांच्या चुलीपाशी, जेथे ती साय टाकली जाई त्याच मातीत, भातुकली मांडून बसे. सूनबाईंनी सांगितले की शिशाचा धूर दिसतो त्यापेक्षा ही राखाडी भुकटी अधिक वाईट. ती मातीत, फरशीत, कपड्यांत राहते. मुले हात तोंडात घालतात. आणि मोठ्या माणसाच्या मानाने मुलाच्या अंगात शिसे कितीतरी अधिक मुरते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. मुलांच्या रक्तातल्या शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. आपल्याकडे २००० साली पेट्रोलमधले शिसे बंद झाले ते याच कारणाने.

अण्णा ऐंशी ओलांडलेले. साठ वर्षे केलेल्या कामात खोट आहे असे नातसुनेने सांगावे, हे त्यांना सहजी पटणारे नव्हते. त्यांचे उत्तरही वजनदार होते. “अगं, २००९ साली केंद्राच्या प्रदूषण मंडळाने यादी केली, तीत वापीचा नंबर देशात दुसरा होता. अख्खी दमणगंगा ज्याने काळवंडली ते चालते, आणि माझी मूठभर शिशाची कढई तुला खुपते?”

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आजोबा, नदी तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. चूल आहे.”

यावर अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीच्या रक्ताची तपासणी झाली. शिसे थोडे निघाले. डॉक्टरांनी घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले. पण ‘थोडे म्हणजे किती चालेल?’ या अण्णांच्या प्रश्नावर ते म्हणाले, “मुळीच नको.” गणिताच्या शिक्षकाला शून्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या आठवड्यात चूल मोडली. चुलीभोवतीची वीतभर माती उकरून काढली आणि पोती बांधून मुलांच्या वाऱ्यालाही न येईल अशी ठेवली. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसण्याचा नियम झाला, कारण झाडूने भुकटी हवेत उडते. उरलेले शिसे जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानदाराकडे गेले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा आकडा उतरला होता. अण्णांनी तो आपल्या वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पण मग गळाला बांधावयाचे काय? अण्णांनी तानकाटा काढला आणि निरनिराळी वजने दोऱ्याने टांगून, प्रथम हवेत आणि मग खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून मोजली. पणती शेजारी बसून आकडे वाचावयास शिकली, हा त्यातला आनुषंगिक लाभ. शंभर ग्रॅम शिसे खाऱ्या पाण्यात एक्क्याण्णव भरते. शंभर ग्रॅम लोखंड सत्त्याऐंशी. नदीतला दगड मात्र एकसष्टाच्या आसपास येतो. म्हणजे शंभर ग्रॅम शिशाचे काम करावयास दगड दीडशे ग्रॅमांचा लागतो, आणि तो आकाराने सहापट फुगीर असल्यामुळे पाण्याची ओढही अधिक खातो. लोखंड मात्र एकशेपाच ग्रॅमांत तेच काम करते. अर्ध्या तोळ्याचा फरक! एवढ्यासाठी साठ वर्षे आपण शिसे वितळवीत होतो काय, असे अण्णांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तोंडाने ते एवढेच म्हणाले, “आकार थोडा मोठा आहे. लांब जाणार नाही.”

तेही खरे आहे. लोखंड शिशाच्या दीडपट जागा व्यापते, म्हणून वाऱ्यात जरा कमी जाते. पण वाळूसाठी चपट्या लोखंडी चकत्या एकावर एक बांधल्या की त्या उत्तम बसतात, आणि देवक्याच्या खडकांसाठी गॅरेजमध्ये फुकट मिळणारे गंजके नट आणि निकामी स्पार्क प्लग कच्च्या दोऱ्याने बांधले की तुटले तरी हळहळ वाटत नाही. खडकात गेलेले लोखंड गंजून कालांतराने समुद्रात विरते. शिसे तसेच पडून राहते. इंग्लंडात गळाची बारीक शिशे गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून तेथे २८ ग्रॅमांपर्यंतची बहुतेक शिशाची वजने बंद करण्यात आली. तेथल्या छंदी लोकांनीही प्रथम अण्णांसारखीच कुरकुर केली असेल. पण मासे धरण्याची कला शिशाच्या आधीची आहे. हडप्पा संस्कृतीच्या लोथलमध्ये, येथून फार दूर नसलेल्या त्याच आखाताच्या टोकाशी, तांब्याचे गळ सापडले आहेत. तेव्हाही वजनाचा प्रश्न कोणीतरी आपल्या परीने सोडविलाच असणार.

मला या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट मोलाची वाटते. आपण मराठी माणसे गाव सोडून दूर वसलो, कोणी बडोद्याला, कोणी इंदूरला, कोणी हैदराबादेस, कोणी आमच्यासारखे सिल्वासाला. आणि प्रत्येकाने ट्रंकेतून काही ना काही आणले. कोणी व्रते आणली, कोणी पाककृती, कोणी नाटकाचे वेड. परक्या पाण्यात ठरून राहावयाचे तर दोरीला असे काही वजन हवेच, नाहीतर पहिल्याच लाटेबरोबर माणूस वाहून जातो. मात्र ते वजन शिशाचेच असले पाहिजे असा हट्ट धरला तर ते घरातल्या लहानग्यांच्या अंगात मुरते. अण्णांनी शिसे सोडले, गरवणे सोडले नाही. कोणती गाठ पक्की ठेवावी आणि कोणती कच्ची, हे त्यांना देवगडच्या खडकांनी शिकविले होतेच. घरात ते लागू करावयास त्यांना एक आठवडा लागला. पुष्कळ घरांत याला पिढ्या लागतात.

मराठीत फार आग्रह करण्याला ‘गळ घालणे’ म्हणतात. वाचकांपैकी ज्यांना समुद्र जवळ आहे त्यांना मी एवढीच गळ घालतो, की मुलांना एकदा किनाऱ्यावर न्यावे. सोबत तंगूस, दोन-तीन मध्यम गळ, थोड्या फिरक्या, आणि तीस ते शंभर ग्रॅमांचे लोखंडी नट घ्यावेत. प्रथम ओहोटीत जाऊन तळ पाहून ठेवावा, वाळू आहे की चिखल की खडक. मग त्या दिवसाची तिथी पाहावी. मग सर्वांत हलके वजन बांधावे, आणि ते ठरत नाही असे पाहिल्यावरच पुढचे. मासा लागेल किंवा न लागेल. आमच्या पणतीला आजवर एकच लागला आहे, हाताच्या बोटाएवढा, आणि तोही तिने परत पाण्यात सोडला. परंतु ‘गरवणे’ हा शब्द तिला येतो, आणि एकशेपाच ग्रॅम लोखंड खाऱ्या पाण्यात किती भरते हेही ती न चुकता सांगते.